विसरलेल्या तबकड्या

शिवाजीनगर हे नाव ऐकले की महाराष्ट्रातील श्रोत्याला प्रथम पुणे आठवते. परंतु याच नावाची एक गजबजलेली वस्ती बंगळूर शहरातही आहे. मराठी इतिहासाशी बंगळूरचे नाते जुने आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने केंपेगौडाकडून हे शहर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. शिवाजीनगरची वस्ती मात्र त्या काळची नव्हे. १८०९ च्या सुमारास इंग्रजांनी श्रीरंगपट्टणचे आपले लष्कर बंगळुरास हलविले आणि तेथे मोठी छावणी उभी राहिली. त्या छावणीला माल व माणसे पुरविणारे जे लोक आसपास येऊन राहिले, त्यांच्या वस्तीला ब्लॅकपल्ली म्हणू लागले. तमिळ, दखनी, तेलुगू, इंग्रजी अशा अनेक भाषा तेथे शेजारी शेजारी नांदू लागल्या. शिवाजीनगर हे नाव या वस्तीला नंतर मिळाले. १९२७ चे रसेल मार्केट, सेंट मेरीचे चर्च, मशिदी आणि जुन्या यंत्रभागांची गुजरी या तिच्या आजच्याही खुणा आहेत.

या छावणीमुळे बंगळूरला जणू दोन कान लाभले. एकीकडे जुनी पेठ होती. तेथे म्हैसूर दरबाराच्या छत्राखाली कर्नाटक संगीताची परंपरा जोपासली जात होती. दुसरीकडे १९४७ पर्यंत इंग्रज रेसिडेंटच्या अमलाखाली असलेली छावणी होती. तेथे पलटणींचे बँड वाजत, चर्चमध्ये ऑर्गनचे सूर उमटत आणि क्लबांतून नाचाच्या मैफली रंगत. यांपैकी पहिल्या संगीताचा इतिहास साक्षेपाने लिहिला गेला. त्यातील गुरू, शिष्य, रचना व दरबारी मानमरातब यांच्या नोंदी राहिल्या. दुसऱ्या संगीताची अशी बखर कोणी फारशी ठेवली नाही. ते ऐकावयाचे, त्यावर पाय धरावयाचे आणि विसरून जावयाचे, अशीच सर्वांची समजूत होती. त्याचा जो काही पुरावा उरला, तो ग्रामोफोनच्या तबकड्यांत उरला. आणि त्या तबकड्या दिवाणखान्यातून माळ्यावर व माळ्यावरून भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेल्या. हे केवळ बंगळुरातच घडले असे नाही. मुंबई, कलकत्ता, दिल्ली, सर्वत्र हाच प्रकार झाला. गमतीची गाणी, नकला, हॉटेलांतील नाचाचे वाद्यसंगीत, चित्रपटगीतांच्या चालींची वादने अशा या हलक्याफुलक्या ध्वनिमुद्रिकांना इतिहासात काही स्थान आहे काय, आणि असल्यास ते त्यांना कोणी मिळवून दिले, हा प्रश्न म्हणूनच विचार करण्याजोगा आहे.

ग्रामोफोन हिंदुस्थानात आला तेव्हा त्याच्यापुढे गंभीर आणि थिल्लर असा भेद नव्हता. १९०२ च्या अखेरीस लंडनच्या ग्रामोफोन कंपनीतर्फे फ्रेड गाइसबर्ग हा तंत्रज्ञ कलकत्त्यास आला. त्या पहिल्याच फेरीत त्याने पाचशेहून अधिक मुद्रणे केली. मूळ मुद्रणे जर्मनीतील हानोव्हरच्या कारखान्यात जात आणि तेथे तयार झालेल्या लाखेच्या तबकड्या जहाजाने हिंदुस्थानात परत येत. कंपनीला हवा होता तो खप. त्यामुळे ख्याल, ठुमरी, नाटकातील पदे, भजने, विनोदी संवाद आणि पशुपक्ष्यांच्या आवाजाच्या नकला, जे जे विकले जाईल असे वाटले ते ते सर्व तबकडीवर उतरले.

त्या पहिल्या फेरीत गायिलेली गौहरजान पुढे देशभर प्रसिद्ध झाली. १८७३ मध्ये आझमगड येथे जन्मलेल्या, आर्मेनियन पित्याच्या या कन्येचे मूळ नाव अँजेलिना होते. ठुमरी-दादऱ्यावर तिचे असामान्य प्रभुत्व होते. तिने अनेक भाषांत मुद्रणे केली आणि त्यांत एक इंग्रजी प्रेमगीतही आहे. हिंदुस्थानी गळ्याने, हिंदुस्थानी वळणे घेत गायिलेले ते गीत आज ऐकताना प्रथम हसू येते. पण थोडे लक्ष देऊन ऐकले म्हणजे ध्यानात येते की, दोन संगीतपद्धतींची गाठ एका कंठात कशी पडत होती याचा तो प्रत्यक्ष पुरावा आहे. कोणत्याही ग्रंथात असा पुरावा मिळावयाचा नाही. ही गौहरजान १९२८ मध्ये म्हैसूर दरबारच्या आश्रयास आली आणि १७ जानेवारी १९३० रोजी म्हैसूर येथेच तिचे देहावसान झाले. देशभर गाजलेल्या या गायिकेची अखेर बरीचशी एकाकी होती. बंगळूरचे लेखक विक्रम संपत यांनी तिचे चरित्र २०१० मध्ये प्रसिद्ध केले. पुढे जुन्या तबकड्या मिळवून त्यांचे ध्वनी संगणकावर जतन करणारी एक संस्थाही त्यांनी उभारली. दरबारी गायिकेच्या स्मृतीचा शोधही अखेर जुन्या तबकड्यांपर्यंत येऊन पोचला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

गमतीच्या तबकडीत केवळ गंमतच असते असेही नाही. अमेरिकेत १८९० च्या सुमारास जॉर्ज जॉन्सन नावाच्या एका कृष्णवर्णी गायकाचे हास्यगीत फार लोकप्रिय झाले. हा मनुष्य गुलामगिरीत जन्मलेला. गाण्याच्या मध्ये तालात खळाळून हसावयाचे, ही त्याची खासियत होती. त्या काळी एका मुद्रणावरून हव्या तितक्या प्रती काढता येत नसत. त्यामुळे तेच गाणे, तेच हसणे त्याला दिवसातून कित्येक वेळा पुन्हा पुन्हा करावे लागे. त्याच्या गीतांत टवाळी होती ती त्याच्याच वर्णाची. श्रोते हसले आणि विसरले. आज मात्र तो आवाज अमेरिकेने आपल्या राष्ट्रीय ध्वनिवारशात सन्मानाने समाविष्ट केला आहे. त्या हसण्यात एका समाजाचे रंजन जसे ऐकू येते, तशी दुसऱ्या समाजाची अवहेलनाही ऐकू येते. गंभीर इतिहासग्रंथ पुष्कळदा जे झाकतो, ते अशी एखादी क्षुल्लक तबकडी बोलून जाते.

आपल्याकडे हलक्या संगीताविषयीचा दुरावा पुढे धोरणातच उतरला. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये केंद्रीय नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताला राष्ट्रव्यापी श्रोता मिळावा अशी या मराठी मंत्र्यांची मनापासून तळमळ होती. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्याच वर्षी सुरू झाला आणि दरबारांचा आश्रय तुटलेल्या अनेक कलावंतांना आकाशवाणीने आधार दिला. हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याच काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांनी आपल्या रेडिओची सुई सिलोनकडे वळविली. अखेर १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली आणि करमणुकीच्या संगीताला आकाशवाणीचे दार पुन्हा उघडले. या प्रकरणात कोणाची रुची श्रेष्ठ होती हा वाद येथे करावयाचा नाही. पाहावयाचे एवढेच की, जे संगीत संस्थांनी मोलाचे मानले, त्याला संग्रहालयाचे कपाट मिळाले. जे क्षुल्लक ठरले, त्याचा सांभाळ गुजरीवर आणि काही छांदिष्ट माणसांवर सोपविला गेला.

या क्षुल्लक ठरलेल्या संगीतात किती माणसांचे कसब गुंतलेले होते याची कल्पना मुंबईच्या उदाहरणावरून येईल. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी हा अमेरिकन कृष्णवर्णी वादक आपला वृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या मागोमाग तेथे वाजविणाऱ्या क्रिकेट स्मिथच्या वृंदाने १९३६ मध्ये ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ ही नाचाची तबकडी मुद्रित केली. तिची रचना मुंबईच्या बगदादी ज्यू समाजातील मीना सायलास यांची होती. हॉटेल पारशी उद्योगपतीने बांधलेले, वादक अमेरिकेचे, रचनाकार बगदादी वंशाचा, आणि नाचणारे साऱ्या जगाचे! तीन मिनिटांच्या या तबकडीत मुंबई बंदराचे सारे बहुरंगीपण साठलेले आहे. दीर्घकाळ ती केवळ संग्राहकांना ठाऊक होती. मुंबईतील जॅझसंगीताचा इतिहास लिहिताना नरेश फर्नांडिस यांनी आपल्या ग्रंथाला तिचेच नाव दिले, आणि मग ती पुन्हा लोकांच्या कानी पडली.

या परदेशी वादकांच्या मांडीला मांडी लावून गोव्याचे वादक वाजवीत. चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखन शिकून आलेले हे लोक दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला जात आणि रात्री हॉटेलांत वाजवीत. हळदोण्याचे अँटोनियो झेवियर व्हाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रंपेटवादक म्हणून गाजले. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांनी या वादकांच्या साहाय्याने हॉटेलातील ताल चित्रपटात आणले. १९५१ च्या ‘अलबेला’तील गाणी किंवा १९५७ च्या ‘आशा’तील ‘ईना मीना डीका’ हे निरर्थक शब्दांचे गीत पुष्कळ टीकाकारांच्या कपाळी आठ्या आणणारे ठरले असेल. पण मराठी मातीतला संगीतकार, गोमंतकीय वादक आणि कॅरिबियन ताल यांचा संगम त्यात घडला आहे. तबकडीवर मात्र नावे असत ती गायक-गायिकांची, संगीत दिग्दर्शकाची व चित्रपटाची. वादकांची नावे छापण्याची प्रथा नव्हती. गोव्यातील माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये भारतीय वादकांचा मोठा वाद्यवृंद उभा केला होता. तो विसरला गेला. त्यांचे नाव घराघरात पोचले ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील एका विनोदी गीतामुळे, कारण त्यांचे शिष्य प्यारेलाल यांना आपल्या गुरूचे स्मरण ठेवावेसे वाटले. गंभीर कार्याने जे नाव टिकले नाही ते एका गमतीच्या गाण्याने टिकविले.

बंगळूरच्या दुसऱ्या कानाची गोष्ट येथे पुढे चालू होते. कोडगू प्रांतातील कोडवा घराण्याचे बिद्दू अप्पय्या या शहरात वाढले. रेडिओ सिलोनवरून ऐकू येणाऱ्या पाश्चात्त्य गाण्यांनी त्यांना वेड लावले आणि मित्रांसह वृंद काढून ते हॉटेलांतून गाऊ लागले. पुढे ते इंग्लंडला गेले. १९७४ मध्ये त्यांनी कार्ल डग्लस या जमैकन गायकाकडून एक गाणे मुद्रित करून घेतले. तबकडीच्या मागच्या बाजूला काहीतरी हवे, म्हणून मुद्रणालयातील उरलेल्या थोड्या मिनिटांत उरकलेले ते ‘कुंग फू फायटिंग’ हे गमतीचे गाणे होते. मागची बाजूच पुढे आली. इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांत ती तबकडी खपात पहिल्या क्रमांकावर गेली. याच बिद्दूंनी १९८० च्या ‘कुर्बानी’ चित्रपटासाठी एक गाणे दिले आणि हिंदी चित्रपटात डिस्को तालाची लाट उसळली.

त्या लाटेच्या ऐन भरात, १९८२ मध्ये, मुंबईत एक विलक्षण तबकडी तयार झाली. चरणजित सिंग हे चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजविणारे कसबी वादक होते. चित्रपटगीतांच्या चाली विजेच्या वाद्यांवर वाजवून त्यांच्या तबकड्या काढणे हा अशा वादकांचा जोडधंदा असे. लग्नसमारंभात आणि उपाहारगृहांत अशा तबकड्या लावल्या जात. चरणजित सिंगांनी तीन नवी जपानी यंत्रे मिळविली होती: ताल देणारे टी. आर. ८०८, खर्जाचे सूर काढणारे टी. बी. ३०३ आणि पट्टीचे ज्युपिटर ८. नेहमीच्या चाली वाजविण्यापेक्षा काही निराळे करावे म्हणून त्यांनी या यंत्रांवर दहा राग वाजविले. भैरव, ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी हे ते राग. खाली डिस्कोचा अखंड ठेका, त्यावर खर्जाचे फिरते आवर्तन आणि वर रागाचे आलाप, असा तो प्रयोग होता. रागसंगीताच्या रसिकांना ते खेळणे वाटले. नाचणाऱ्यांना त्यात ओळखीचे गाणे सापडले नाही. तबकडी फारशी खपली नाही आणि दुकानांच्या तळाशी गेली.

पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, अमेरिकेतील शिकागो शहरी काही तरुणांनी त्याच टी. बी. ३०३ यंत्रातून एक नवा नाद काढला. ‘ॲसिड हाउस’ या नावाने तो जगभर पसरला. मुंबईचा प्रयोग त्यांच्यापर्यंत पोचलेला नव्हता. तरी दोन्ही नादांत आश्चर्यकारक साम्य होते. २००२ मध्ये एदो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीच्या एका दुकानात चरणजित सिंगांची तबकडी मिळाली. ती ऐकून तो थक्क झाला. त्याने मुंबईस येऊन या वादकाला शोधून काढले आणि २०१० मध्ये ती तबकडी पुन्हा प्रसिद्ध केली. परदेशातील कित्येकांना प्रथम ती बनावट वाटली. १९८२ साली, तेही मुंबईत, असे काही घडले असेल यावर त्यांचा विश्वास बसेना. चरणजित सिंगांना मात्र या साऱ्या गाजावाजाचे नवल वाटले. त्यांनी काही वर्षे युरोपात कार्यक्रम केले आणि २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. अठ्ठावीस वर्षे उशिरा का होईना, मान मिळाला तो त्यांच्या हयातीत. हे भाग्य फार थोड्या वादकांच्या वाट्यास आले आहे.

अशा पुनःशोधाची लाट पश्चिमेत १९९० नंतर आली होती. मार्टिन डेनी या पियानोवादकाने हवाई बेटांत काढलेली ‘एक्झॉटिका’ ही १९५७ ची तबकडी याचे ठळक उदाहरण आहे. वाद्यांच्या साथीला त्याचे साथीदार पक्ष्यांचे व बेडकांचे आवाज काढीत. त्या काळी खूप खपलेले हे हॉटेली संगीत पुढे हास्यास्पद ठरले आणि १९९६ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी त्याच्या मालिकाच पुन्हा बाजारात आणल्या. सतारवादक आनंद शंकर यांच्या १९७५ च्या तबकडीतील कलकत्त्याचे नादही त्याच सुमारास लंडनच्या नृत्यगृहांत घुमू लागले. यात फॅशनचा भाग होता हे नाकारण्यात अर्थ नाही. परक्याच्या गमतीकडे केवळ चमत्कारिक वस्तू म्हणून पाहण्याची वृत्तीही त्यात होती. तरी आपल्या दिवाणखान्यातील वस्तूचे मोल आपल्याला परक्याने सांगावे लागले, ही गोष्ट काही भूषणावह म्हणता येणार नाही.

आपल्याकडे अशी दृष्टी कोणालाच नव्हती, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. १९९० मध्ये मुंबईत भारतीय ध्वनिमुद्रिका संग्राहकांची संस्था स्थापन झाली आणि सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी अनेक वर्षे तिचे काम पदरमोड करून चालविले. चोरबाजारात उकिडवे बसून, धुळीने माखलेल्या ढिगातून एकेक तबकडी काढावयाची, तिच्यावरील क्रमांक टिपून घ्यावयाचा, ती धुवावयाची आणि मग सुई ठेवावयाची, हा संग्राहकांचा नित्यक्रम. लाखेची तबकडी काचेसारखी फुटते. दुसऱ्या महायुद्धात लाखेचा तुटवडा पडला तेव्हा युरोप-अमेरिकेत जुन्या तबकड्या गोळा करून वितळविल्या गेल्या. जी वाचली ती अपघातानेच वाचली. बीटल्स या इंग्रज वृंदाची गाणी १९६३ नंतरही भारतात ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर निघत होती. त्या काळी जुनाट वाटणाऱ्या त्या तबकड्यांसाठी आज परदेशी संग्राहक मोठी किंमत मोजतात.

प्रत्येक गमतीची तबकडी श्रेष्ठ कलाकृती आहे, असा याचा अर्थ नाही. पुष्कळशा सामान्य आहेत, काही तर टाकाऊच आहेत. पण इतिहासकार नाणे जपतो ते त्यावरील नक्षी सुंदर असते म्हणून नव्हे. कोणत्या काळी, कोणत्या बाजारात, कोणाच्या हातात ते होते हे त्यावरून कळते, म्हणून तो ते जपतो. हलक्याफुलक्या तबकडीचे असेच आहे. लोक फुरसतीच्या वेळी काय ऐकत, कशाला हसत, कोणाची टवाळी करीत आणि परक्याचे काय बिनदिक्कत उचलीत, हे ती सांगते. ब्लॅकपल्लीसारख्या वस्त्यांत, जेथे अनेक भाषांचे लोक पोटासाठी एकत्र आले, तेथील जीवनाचे पडसाद दरबाराच्या दप्तरापेक्षा अशाच तबकड्यांत अधिक उमटलेले आढळतील.

यासाठी करावयाचे काम मोठ्या संस्थांचेच आहे असे नाही. आता ध्वनी संगणकावर उतरविणे सोपे झाले आहे. परंतु नुसता ध्वनी उतरवून भागत नाही. तबकडीवरील क्रमांक, वेष्टनावरील मजकूर, कोणी कोणते वाद्य वाजविले याची घरातील वडीलधाऱ्यांना असलेली माहिती, हे सारे त्याच्या सोबत लिहून ठेवले पाहिजे. चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजविलेले जे वयोवृद्ध वादक आज हयात आहेत, त्यांना विचारून कोणत्या गाण्यात कोणाची सनई, कोणाचा ट्रंपेट, कोणाचे ॲकॉर्डियन आहे याची नोंद अजून होऊ शकते. तबकडी फुटली तर तिची दुसरी प्रत एखाद्या गुजरीत कदाचित मिळेल. त्या वादकाचे नाव मात्र त्याच्या पश्चात कोणत्याही बाजारात मिळणार नाही.